एकट्याची वाट
रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे संक्षिप्त चरित्र

कामठीहून नागपुरास जाणारा रस्ता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. पाच कोसांची ती वाट आता मोटारीने किंवा आगगाडीने थोडक्या वेळात सरते, आणि बसणाऱ्यास ती सरली हेही कळत नाही. परंतु ज्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत, त्याच्या काळी नागपुरास आगगाडी आली नव्हती. ती १८६७ साली आली, आणि तोपर्यंत त्याला जाऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्याने या प्रांतातील वाटा घोड्यावरून व पायी तुडविल्या. तारुण्य संपून चाळिशी उलटली, तरी त्याचे फिरणे थांबले नाही. आणि अशाच एका एकट्याच्या वाटेवर एका लहानशा नाल्यात त्याचा अंत झाला. त्याचे नाव रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपुरातील हिस्लॉप कॉलेजाचे नाव पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ते ज्याच्या स्मरणार्थ ठेविले, तो मनुष्य कोण होता हे खेड्यापाड्यांतील आमच्या बंधुभगिनींस फारसे ठाऊक नसते. म्हणून ही हकीकत थोडी विस्ताराने सांगावी असे आमच्या मनात आले.

हिस्लॉपसाहेबांचा जन्म स्कॉटलंड देशात बेरिकशायर परगण्यातील डन्स या लहान गावी १८१७ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ८ व्या तारखेस झाला. बाप गवंडी होता. दगड घडविणे, भिंत ओळंब्यात उभी करणे, असे त्या घरचे काम. घर श्रीमंत नव्हते, पण विद्येची व धर्माची आवड त्या घरात होती. मुलगा लहानपणापासून रानात हिंडणारा होता. किडे, पाखरे, दगड यांकडे त्याचे लक्ष फार असे. गावच्या शाळेत शिकून तो एडिंबरो व ग्लासगो येथील विश्वविद्यालयांत गेला. खर्च भागविण्यासाठी मधून मधून लोकांच्या घरी मुले शिकवीत असे. पुढे त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास आरंभिला. तो चालू असतानाच १८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडून स्वतंत्र मंडळी, म्हणजे फ्री चर्च, निराळी झाली. सरकारी पगार, घरे व देवळे सोडून शेकडो पाळक बाहेर पडले. तरुण हिस्लॉप याच मंडळीबरोबर राहिले, आणि पुढच्याच वर्षी मिशनरी म्हणून दीक्षा घेऊन, लग्न करून, हिंदुस्थानास निघाले.

त्या वेळी नागपुरास अशा माणसाची वाट पाहणारा एक गृहस्थ होता, आणि तो कामठीत होता. कामठीची लष्करी छावणी १८२१ साली कन्हान नदीच्या काठी वसली. तेथील पलटणी मद्रासकडच्या असत. त्यामुळे मराठी व हिंदी बोलणाऱ्या मुलखात तामीळ व तेलगू बोलणारी अशी एक निराळीच वस्ती तेथे झाली. या मद्रास फौजेतील कॅप्टन विल्यम हिल यांच्या मनात, नागपूरच्या राज्यात सुवार्तेचे व शिक्षणाचे काम कोणीतरी आरंभावे, असे फार दिवस होते. त्यासाठी त्यांनी आपल्या पदरची मोठी रक्कम देऊ केली. स्कॉटलंडच्या स्वतंत्र मंडळीने ती स्वीकारून हिस्लॉपसाहेबांस पाठविले. लष्करातील एका माणसाने आपली पुंजी पुढे केली नसती, तर हे चरित्र दुसऱ्याच कोणत्या तरी मुलखात लिहिले गेले असते.

१८४४ च्या अखेरीस हिस्लॉप पतिपत्नी मुंबईस उतरली. तेथून नागपूर पाचशे मैलांहून अधिक दूर. पुढच्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात ती नागपुरास पोहोचली. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते व तिसरे रघूजी गादीवर होते. शहराबाहेर सीताबर्डीस इंग्रज रेसिडेंट राही, आणि पाच कोसांवर कामठीत फौज असे. नव्या मिशनऱ्याचे काम या दोन्ही ठिकाणी वाटले गेले. त्यांनी मराठीचा अभ्यास केला. १८४६ साली नागपुरात मुलांची शाळा काढली. कामठीत मद्रासकडच्या लोकांत मिशनाचे काम चाले, आणि तेथील युरोपियन मंडळीसही ते उपदेश करीत. नागपूर व कामठी यांमधील वाटेवर त्यांचा घोडा कितीदा गेला व आला असेल, याचा हिशेब कोणी ठेविला नाही.

आरंभी त्यांस सोबती थोडे मिळाले. त्यांच्या येण्यापूर्वी काही जर्मन बंधू गोंड लोकांत काम करण्यासाठी अमरकंटकाच्या बाजूस गेले होते. १८४२ साली त्यांतील काही जण पटकीने दगावले आणि ते काम बुडाले. त्या दुःखातून उरलेल्यांपैकी नागपूरच्या कामास सोबत लाभली. पुढे १८४७ साली रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे स्कॉटलंडहून आले. हे दोघे एका विचाराचे होते. उपदेश, शाळा व फिरणे ही तिन्ही कामे त्यांनी आठ वर्षे मिळून केली. परंतु १८५५ साली प्रकृती बिघडल्यामुळे हंटरसाहेबांस स्वदेशी परत जावे लागले. हिस्लॉपसाहेब तेव्हा अडतीस वर्षांचे झाले होते. ज्या वयात मनुष्याने नेमून दिलेले एक काम धरून स्थिर बसावे असे जग म्हणते, त्या वयात त्यांच्या खांद्यावर दोघांचा भार आला.

हिवाळा आला म्हणजे ते दौऱ्यावर निघत. त्या काळच्या वाटा कशा होत्या, हे आमच्या वृद्ध वाचकांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले असेल. काळ्या कन्हारीतून पावसाळ्यात गाडीचे चाक निघत नसे. नद्यांवर पूल नव्हते. वैनगंगा व वर्धा यांस पाणी असले म्हणजे डोंग्यावाचून पलीकडे जाण्याचा उपाय नसे. गावोगाव मुक्काम करावा, चावडीत किंवा झाडाखाली लोकांस बोलावावे, पुस्तके द्यावी, जे ऐकतील त्यांस सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी पुढे जावे, असा हा क्रम. आमचे जे बंधू आज उपदेशकाचे काम करितात, त्यांस यात नवे असे काही वाटणार नाही.

परंतु हिस्लॉपसाहेबांच्या प्रवासात एक गोष्ट विशेष होती. वाटेत जे दिसे, ते पाहिल्यावाचून ते पुढे जात नसत. टाकळी हे तेव्हा नागपुराजवळचे गाव होते. तेथील दगडांत त्यांस व हंटरसाहेबांस प्राचीन काळच्या गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे व किड्यांचे अवशेष सापडले. कामठी व सिलेवाडा येथील खाणींतून घराच्या पायासाठी व भिंतीसाठी जो वाळूचा दगड लोक काढीत, त्यात झाडांच्या पानांचे ठसे त्यांनी ओळखिले. ज्या वनस्पतींची ती पाने, त्या पृथ्वीवरून कोट्यवधी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या आहेत. दक्षिणेकडे मांगली गावी सापडलेली एक कवटी लंडन येथे गेली, आणि १८५५ साली रिचर्ड ओवेन या विद्वानाने ती बेडकाच्या दूरच्या नात्यातील एका जुन्या प्राण्याची ठरवून त्यास नाव दिले. चांद्याच्या बाजूस पिसदुरा येथे प्रचंड सरपटणाऱ्या प्राण्यांची शिळारूप हाडे आहेत, हेही त्यांच्या शोधांमुळे पुढे आले. नागपूरच्या भूगर्भाविषयी या दोघा मिशनऱ्यांनी लिहिलेला निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात १८५५ साली छापला गेला. एका खनिजास पुढे हिस्लॉपाइट असे नाव पडले. आणि कामठीकरांनी ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, त्या वाळूच्या दगडाच्या थरांस भूगर्भशास्त्रज्ञ आजही कामठीचे थर असेच म्हणतात.

येथे एखादा वाचक विचारील की, सुवार्ता सांगावयास आलेल्या माणसाने दगड गोळा करीत का फिरावे? तो वेळ कामातून चोरलेला नव्हे काय? हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमचे उत्तर असे आहे. ते दगडांसाठी वेगळे प्रवासास निघाले, असे त्यांच्या चरित्रात फारसे दिसत नाही. जी वाट कामासाठी धरावी लागे, त्याच वाटेवर त्यांचे डोळे उघडे असत. शिवाय ज्यास दगडाकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय लागते, त्यास माणसाकडेही लक्षपूर्वक पाहण्याची सवय लागते. याचा पुरावा म्हणजे त्यांचे गोंड लोकांविषयीचे काम होय.

गोंड लोकांस त्या काळी पुष्कळ शहाणे लोक रानटी म्हणून सोडून देत. त्यांची भाषा कोणी शिकत नसे. त्यांच्या जाती किती, देव कोणते, लग्न कसे लागते, प्रेत पुरतात की जाळतात, हे विचारण्याची कोणास गरज वाटत नसे. हिस्लॉपसाहेबांनी हे सर्व विचारले आणि लिहून ठेविले. गोंडी, कोरकू इत्यादी बोलींतील शब्द जुळवून त्यांच्या याद्या केल्या. गोंडांचे पुरोहित व गायक जे परधान, ते लिंगो नावाच्या त्यांच्या आदिपुरुषाचे लांब गाणे तोंडपाठ म्हणतात. ते गाणे त्यांनी एका परधानाच्या तोंडून जसेच्या तसे उतरून घेतले. त्या लोकांचे पुराण अशा रीतीने कागदावर आले. हे काम बंगल्यात बसून होण्यासारखे नव्हते. त्यासाठी त्या लोकांच्या दारात जाऊन बसावे लागते, आणि ते बोलू लागेपर्यंत आपण गप्प राहावे लागते. फौजफाटा घेऊन आलेल्या साहेबापुढे गरीब मनुष्य मनातले बोलत नाही. एकट्या वाटसरूजवळ बोलतो.

चौदा वर्षे काम केल्यावर ते विश्रांतीसाठी स्वदेशी गेले आणि १८६० च्या अखेरीच्या सुमारास परत आले. आता त्यांचे वय त्रेचाळीस होते. ज्या उमेदीने मनुष्य सत्ताविसाव्या वर्षी जहाजात चढतो, तिच्यात अज्ञानाचाही काही भाग असतो. पुढे काय आहे हे त्यास ठाऊक नसते. परंतु त्रेचाळिसाव्या वर्षी तोच समुद्र पुन्हा ओलांडणाऱ्यास ताप, ऊन, एकटेपणा, थोडके फळ, हे सर्व ठाऊक असते. आमच्या मते हे दुसरे निघणे पहिल्याहून मोठे होय. १८६१ साली मध्यप्रांत हा नवा इलाखा झाला आणि पुढील वर्षी सर रिचर्ड टेंपल तेथे चीफ कमिशनरच्या कामावर आले. टेंपलसाहेबांस या माणसाची किंमत कळली. गावोगाव शाळा कशा काढाव्या याविषयी ते हिस्लॉपसाहेबांचे मत घेत.

आता शेवटच्या दिवसाची हकीकत सांगतो. नागपुराच्या दक्षिणेस बोरीच्या जवळ टाकळघाट नावाचे गाव आहे. त्याच्या शिवारात मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती कोणी मांडिली हे तेव्हा कोणास सांगता येत नसे. आता नागपूर विश्वविद्यालयाने १९६८ च्या सुमारास तेथे खोदून पाहिल्यावर, लोखंड वापरणाऱ्या, ख्रिस्तापूर्वी कित्येक शतके होऊन गेलेल्या लोकांची ती स्मशाने होत, असे ठरले आहे. १८६३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या ४ थ्या तारखेस टेंपलसाहेब व हिस्लॉपसाहेब ही वर्तुळे उकरून पाहण्यास तेथे गेले. काम आटोपल्यावर मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे परतली. हिस्लॉपसाहेब मात्र मागे राहिले. का राहिले? तेथील खेड्यातील शाळेची मुले तपासावयाची होती म्हणून. चीफ कमिशनर पुढे निघून गेले असता, हा पंचेचाळीस वर्षांचा विद्वान, ज्याच्या नावाचे दगड लंडनच्या संग्रहालयात मांडले जात, तो एका खेड्यातील पोरांचे वाचन ऐकत मागे राहिला. ते काम करून तो एकटाच घोड्यावर बसून मुक्कामाकडे निघाला.

वाटेत एक नाला होता. पावसाळ्याचे दिवस. पावसाने नाला फुगला होता, आणि संध्याकाळ होऊन अंधार पडला होता. मुक्कामावरील मंडळी वाट पाहत असता घोडा आला, पण पाठीवर स्वार नव्हता. लोक तसेच शोधास धावले. नाल्यात त्यांचा देह सापडला. प्राण गेला होता. चार दिवसांनी त्यांस सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्यांस नागपुरास पुरण्यात आले. मागे पत्नी व मुले राहिली.

बंधुजनहो, या मरणाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. काही लोक अशा मरणाची स्तुती करितात, जणू काय पुरात घोडा घालणे हेच भक्तीचे लक्षण आहे. आम्ही तसे म्हणत नाही. तो सेवक मेला याचे त्याच्या घरच्यांस, मंडळीस व प्रांतास दुःखच झाले, आणि त्याचे पुष्कळ काम अपुरे राहिले. आमच्या देशातील नाला विश्वासू नसतो. वरच्या अंगास दोन कोसांवर पाऊस पडतो आणि आपल्या डोक्यावर चांदणे असता पाणी येते. सकाळी घोट्याएवढे पाणी होते, म्हणून संध्याकाळी तेवढेच असेल असे धरून चालू नये.

एका पावसाळ्यात आम्ही स्वतः अशाच एका नाल्याच्या काठी अडकून पडलो होतो. पलीकडच्या गावी मंडळी भजनासाठी जमलेली, आणि आम्ही उतावीळ. जवळ एक म्हातारा गाडीवान होता. त्याने काही न बोलता पाण्याच्या कडेस तुराटीची एक काडी रोविली आणि बैल सोडून चिलीम पेटविली. थोड्या वेळाने काडी पाण्यात बुडाली. त्याने दुसरी रोविली. ती कोरडी राहिली, पुढे पाणी तिच्यापासून हातभर मागे सरले, तेव्हा त्याने बैल जुंपिले. आम्हांस दोन तास उशीर झाला. मंडळी बसून होती. त्या काडीने आम्हांस जे शिकविले, ते आम्ही आमच्या तरुण उपदेशकांस सांगत असतो. एकट्याने जाणे चुकीचे नाही. कित्येकदा त्यावाचून गत्यंतर नसते. पण एकट्याने जाणाऱ्याने निघताना आपली वाट व परतण्याची वेळ कोणास तरी सांगून निघावे, अंधारात वाहत्या पाण्यात उतरू नये, आणि उशीर झाला तर ज्या गावी काम केले त्याच गावी रात्र काढावी. तेथील लोक भाकरी देतील, आणि सकाळी जाताना पुन्हा एक घटकाभर बोलणे होईल.

दुसरा शब्द त्यांच्या अपुऱ्या कामाविषयी. हिस्लॉपसाहेबांच्या मागे त्यांच्या पेटीत गोंड व इतर रानातील लोकांविषयीचे कागद निघाले. काही भाग पुरा, काही अर्धवट. सर रिचर्ड टेंपल यांनी ते जुळविले, जेथे जरूर तेथे टिपा घातल्या, आणि १८६६ साली ते पुस्तकरूपाने छापून काढिले. लिंगोचे गाणे त्यातच आहे. त्यानंतर गोंड लोकांचा अभ्यास करणाऱ्या पुष्कळांनी त्या पुस्तकाचा आधार घेतला. नागपूरची शाळा वाढत गेली. १८८३ साली तिच्यातून कॉलेज निघाले व त्यास हिस्लॉप हे नाव दिले गेले. विदर्भातील किती पिढ्या तेथे शिकल्या. विचार करा, ते कागद लिहिलेलेच नसते तर? सर्व काही डोक्यात ठेवून तो मनुष्य त्या नाल्यात उतरला असता, तर ते परधानाचे गाणेही त्याच्याबरोबर बुडाले असते. तो रोजचे काम रोज लिहून ठेवीत असे, म्हणून नाल्याने माणूस नेला, पण काम नेले नाही.

आमच्या उपदेशकांपैकी पुष्कळ जण आता चाळिशी ओलांडलेले आहेत. मुले मोठी होत आहेत, गुडघे दुखू लागले आहेत, सोबतीस कोणी नसते, आणि चार गावे फिरून आल्यावर हातात दाखविण्यासारखे काही नसते. अशा वेळी आपले फिरणे व्यर्थ आहे असे मनात येते. त्यांस आम्ही इतकेच सांगू. ज्या संध्याकाळी हिस्लॉपसाहेब मागे राहिले, त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे काही खेड्यातील मुले होती, दुसरे काही नव्हते. त्यांच्या सर्व मोठ्या शोधांहून ती गोष्ट आम्हांस अधिक आठवते. त्या मुलांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. पण त्या दिवशी कोणी तरी दुरून आला, त्यांच्याजवळ बसला, आणि त्यांनी वाचलेले त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले, इतके त्यांस खात्रीने कळले असेल. पुढच्या गावी जाल तेव्हा एखाद्या मुलाचे वाचन तसेच ऐका. जे पाहाल ते वहीत लिहा. आणि नाल्यास पाणी असेल, तर काडी रोवून थोडा वेळ काठी बसा.